आणखी एक प्रयत्न द्यावा का?

समुपदेशनाच्या कामात तुम्ही नवीन आहात, म्हणून आवर्जून सांगतो. यूपीएससीचा चौथा प्रयत्न हुकलेला विद्यार्थी ‘एवढी वर्षे घातली, आता कसे सोडू?’ असे विचारतो, तेव्हा तो पुढच्या शक्यतेचा नव्हे, तर गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडत असतो. मिळकतीच्या आनंदापेक्षा तोट्याची सल अधिक बोचते, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडले होते. त्याला लगेच आकडेवारी ऐकवू नका, कारण त्या क्षणी बोलत असते ती बहुधा घरच्यांसमोर वाटणारी शरम, आणि ती त्याला स्वतःला ओळखता आली, तरच विचाराला वाव मिळतो. मग विचारा, ‘आज नव्याने ठरवायचे असते, तर ही तयारी सुरू केली असतीस का?’ निकालाच्या आठवड्यात मात्र उत्तराचा आग्रह धरू नका.