बाळंतिणीचा आहार आणि ‘अ’ जीवनसत्त्व

प्रश्न : सून नुकतीच बाळंत झाली आहे. बाधेल म्हणून तिला पालेभाज्या आणि भोपळा देत नाही. बाळासाठी तिला ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्याव्यात का? – एक वाचक, मालवण

उत्तर : स्वतःहून गोळ्या देऊ नयेत, बाळंतिणींना सरसकट अशी मात्रा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितले आहे. खरी काळजी वाटते ती तुमच्या पथ्याची. आईच्या आहारातले ‘अ’ जीवनसत्त्व दुधावाटे बाळाला मिळते, म्हणून शेवग्याचा पाला, लाल माठ, तांबडा भोपळा तिला आवर्जून द्यावा, आणि हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषले जात असल्याने भाजीत तेल किंवा ओले खोबरे असावे. बाळाला सहा महिने केवळ आईचे दूध पाजावे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला लसीसोबत बाळाला ‘अ’ जीवनसत्त्वाचा १ लाख युनिटचा पहिला डोस द्यावा.