अट आणि तिची उलट अट मिळून टेबलातल्या सगळ्या ओळी का येत नाहीत?

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या 'शहर बेळगाव' आणि 'शहर बेळगाव नाही' या दोन क्वेरींतून (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांतून) आलेल्या ओळींची बेरीज एकूण ओळींपेक्षा कमी भरते, असं तुम्ही लिहिलंय. ज्या ओळींत शहर नल, म्हणजे माहिती न भरलेलं, आहे, त्या दोन्हीकडून गळतात. व्हेअर, म्हणजे क्वेरीतला अटीचा भाग, फक्त अट खरी ठरलेली ओळ ठेवतं. नलशी तुलना केली की उत्तर 'अज्ञात', आणि त्याला नॉट (नकार) लावलं तरी अज्ञातच. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडच्या १९७० च्या मूळ लेखात नल नव्हता. खरं, खोटं आणि अज्ञात असं तीन मूल्यांचं तर्कशास्त्र त्यानं १९७९ च्या लेखात मांडलं.

आमच्या खानापूर भागातल्या एका पतसंस्थेत यावरूनच भांडण झालं. वार्षिक सभेच्या नोटिसा कन्नड आणि मराठीत निघायच्या. भाषा कन्नड असेल त्याला कन्नड, नसेल त्याला मराठी. जुन्या सभासदांच्या वहीत भाषेचा रकानाच नव्हता, त्यामुळे संगणकात तो खाना नल राहिला. नेमकी सगळ्यात जुनी माणसं, ज्यांच्या ठेवींवर संस्था उभी राहिली, त्यांना एकही नोटीस गेली नाही. सभेनंतर ती दारात येऊन विचारायला लागली, "आम्ही सभासद नाही काय?"

सॉफ्टवेअर बघणारे साहेब म्हणाले, रिकाम्या जागी 'कन्नड' भरून टाका, आपण कर्नाटकात आहोत. संचालकांपैकी एक म्हणाले, 'मराठी' भरा, गाव मराठी आहे. मी दोघांनाही विरोध केला आणि आजही करीन. माहीत नसलेली गोष्ट अंदाजानं भरली की ती खोटी नोंद होते, आणि पुढे कुठलाही फिल्टर ती पकडू शकत नाही. नल निदान शोधता तरी येतो. आमच्याकडे घरात मराठी, शाळा कन्नडमधून, अशी माणसं घरोघरी आहेत. त्यांची भाषा तिसऱ्यानं कशी ठरवायची?

तुम्ही दुसऱ्या क्वेरीत 'किंवा शहर इज नल' जोडा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' (नलही धरून 'वेगळं आहे का' बघणारी तुलना) चालतं. नॉट इनच्या ('यादीत नाही' या अटीच्या) आतल्या यादीत एक जरी नल आला तरी एकही ओळ मिळत नाही, तिथे नॉट एक्झिस्ट्स ('अशी ओळच नाही' ही अट) वापरा. एक राहिलंच: चेक कन्स्ट्रेंट (ओळ टेबलात घेताना तपासली जाणारी अट) उलटा वागतो, अज्ञात ठरलेली ओळ तो आत घेतो. नवीन टेबल असेल तर रकाना नॉट नल (रिकामा ठेवता न येणारा) करा, पण डिफॉल्ट (आपोआप भरलं जाणारं उत्तर) लावू नका. फॉर्म भरणाऱ्यालाच विचारा.