कूलिंग वॉटरच्या नळ्यांत स्केल नेमकं कुठून धरायला लागतं? नळ्या आतून गुळगुळीत केल्या तर थांबेल का?

गुळगुळीत नळीत स्केल, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा टणक थर, उशिरा बसतं, पण बसतं. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचू नका. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘साहेब म्हणतात ऑपरेटरने केमिकल घातलं नाही’. ते वाचून मला गप्प बसवेना.

मी गोव्यात कुंडईला एका कारखान्यात युटिलिटी, म्हणजे पाणी, वाफ, कूलिंग असली कामं, सांभाळायचो. चिलर म्हणजे थंड पाणी बनवणारं यंत्र. त्याची उष्णता पाण्यात सोडणाऱ्या कंडेन्सरला तांब्याच्या नळ्या, गच्चीवर ते तापलेलं पाणी परत थंड करणारा कूलिंग टॉवर. नळाचं पाणी जांभ्याच्या मुलखातलं, चुना अगदी कमी. गोव्याच्या पाण्याने स्केल होतच नाही, असं आमचे मॅनेजर ठासून सांगत. एप्रिलमध्ये नळ आटला आणि टँकर सुरू झाले. खर्च वाचवायला मॅनेजरांनी ब्लोडाउनचा, म्हणजे टॉवरमधलं क्षार साठलेलं पाणी सोडून द्यायचा, व्हॉल्व्ह बंद करायला लावला. टॉवरमधून दिवसाला 20 हजार लिटर पाण्याची वाफ होत होती. क्षार भरणीच्या पाण्याच्या पाचपटीच्या वर जाऊ द्यायचे नाहीत तर रोज 5 हजार लिटर सोडून द्यावं लागतं. म्हणजे अर्धा टँकर. एवढ्यासाठी व्हॉल्व्ह बंद! वाफ उडून जाते, चुना टॉवरमध्येच राहतो. मऊ पाणीसुद्धा दहापट आटवलं की मऊ राहत नाही.

मेमध्ये हेड प्रेशर, म्हणजे कंडेन्सरमधल्या गॅसचा दाब, वाढून चिलर ट्रिप व्हायला, आपोआप बंद पडायला लागला. कव्हर खोललं तर खालच्या नळ्या, जिथून थंड पाणी शिरतं, बऱ्या होत्या. वरच्या, जिथून ते तापून बाहेर पडतं, पांढऱ्याफट्ट. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे या चुन्याच्या थराचं, उलटं. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेटला विरघळून राहायला जागा उरत नाही. भिंतीला चिकटून असलेला पाण्याचा पातळ थर सगळ्यात गरम, म्हणून सुरुवात तिथेच. आधी कणांचे बारीक पुंजके जमतात आणि मोडतात. एका ठरावीक आकाराच्या पुढे गेलेला पुंजका मग मोडत नाही, वाढतच जातो. भर पाण्यात तो आकार गाठणं कठीण, भिंतीच्या आधाराने सोपं, आणि चरा, गंज, जुन्या स्केलचा खडा असेल तिथे त्याहून सोपं. तोवर बरेच दिवस नळी स्वच्छच दिसते. सगळे फसतात ते याच काळात.

स्केल रोखायला पाण्यात घालतात ते केमिकल या कोवळ्या स्फटिकांवर बसून त्यांची वाढ अडवतं. पण पाण्यात क्षार प्रमाणाबाहेर गेले की त्याचंही काही चालत नाही. केमिकल सोडणारा आमचा डोसिंग पंप चालू होता, ड्रम रोज उतरत होता. तरी ठपक्याचा मेमो मिळाला फिटर काकांना, निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना. वर हुकूम, एका रात्रीत साफ करा. काकांनी नायलॉनचा ब्रश मागितला, हातात पडला लोखंडी तारेचा. तांब्यावर चरे पडले, कोपऱ्यांत खडे राहिले. पहिल्यांदा स्केल बसायला दीड महिना लागला होता, या वेळी वीस दिवसांत नळ्या परत पांढऱ्या. मॅनेजर म्हणाले, काका कामचुकार. मी तेव्हाही भांडलो आणि आजही सांगतो, ती चूक काकांची नव्हती. बंद व्हॉल्व्हची होती, आणि तो बंद करायला लावणाऱ्याची.

म्हणून नळ्या घासण्याआधी टॉवरच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते, क्षार वाढले की ती वाढते) भागिले भरणीच्या पाण्याची, हा आकडा काढा. रजिस्टरमध्ये दोन्ही रीडिंग असतात. पाचाच्या बरंच वर गेलं असेल तर ऑपरेटरला दोष देऊ नका.

अर्थात तुमचं स्केल सिलिकाचं असेल तर यातलं बरंच लागू नाही, साध्या ॲसिडने ते निघतही नाही. चुन्याचं असेल तर इनहिबिटर (धातूला ॲसिडपासून वाचवणारं रसायन) घातलेलं सल्फॅमिक ॲसिड वापरा. सल्फ्युरिक नको, चुन्याचं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) होऊन बसतं. आणि नळ्या स्टेनलेसच्या असतील तर हायड्रोक्लोरिक अजिबात नको.