काथ्याचं काम सुरू करताय? आधी एवढं बघा

ताई, काथ्याच्या वस्तू करायचं मनावर घेतलंत, फार बरं वाटलं. आपल्याकडे सोडणं, म्हणजे नारळावरची काथ्याची सालं, चुलीत जातात नाहीतर परसात पडून राहतात. कच्चा माल दारातच आहे.

सुरुवातीला एकच वस्तू धरा. मी रोपांची कुंडी सुचवेन. आंबा-काजूच्या कलमांना काळ्या प्लास्टिक पिशव्या किती लागतात, ते तुम्ही बघताच. काथ्याची कुंडी रोपासकट मातीत जाते.

नवखे बहुतेकदा इथे चुकतात:

- कृत्रिम गोंद, किंवा पायपुसण्याला पीव्हीसीचा तळ. वस्तू संपल्यावर काथ्या आणि प्लास्टिक वेगळं करता येत नाही, सगळंच कचऱ्यात जातं. रबराचा नैसर्गिक चीक वापरा. सर्वात महत्त्वाचं हेच.
- सोडणं खाडीत महिनोन्महिने कुजवणं. पाण्यातला प्राणवायू घटतो, मासळीला त्रास होतो. यंत्राने धागा काढा.
- धागा काढल्यावर उरलेला भुसा न धुता विकणं. त्यातल्या क्षारांनी रोपं करपतात.

रंग, नक्षी, निर्यात पुढे बघू. पहिल्या कुंड्या जवळच्याच रोपवाटिकेत द्या आणि एक पावसाळा लक्ष ठेवा. लिग्निन (धाग्याला टणक करणारा घटक) भरपूर असल्याने काथ्या सावकाश कुजतो, पण कुंडी पातळ झाली तर उचलतानाच फाटते. जाडी तिथेच ठरवा.