सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटात रात्रपाळीला खिशात कोणता टॉर्च ठेवावा?
भाऊ, इन्ट्रिन्सिकली सेफ (म्हणजे आतल्या ठिणगीनं किंवा उष्णतेनं बाहेरची वाफ पेटणार नाही असा) लिहिलेला अन पेसोचं (स्फोटक-ज्वलनशील मालाच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं) अप्रूव्हल असलेलाच टॉर्च घ्या, बाजारातला शे-दोनशेवाला नको अन मोबाईलचा तं अजिबातच नको. मी अशाच प्लांटात मेंटेनन्सला आहे, तिथं हेक्झेनची (सोयाबीनातून तेल काढायला वापरतात ते झटकन पेटणारं द्रावण) वाफ राहते, हवेपेक्षा जड, नालीत-खड्ड्यात साचून राहते अन बटण दाबताना उडालेली बारीक ठिणगीही तिला पुरते. टॉर्चवर पहा:
- गॅस ग्रुप (कोणत्या प्रकारच्या गॅसात चालते ते) २ए, २बी किंवा २सी
- टेंपरेचर क्लास (टॉर्च जास्तीत जास्त किती तापतो ते) टी३ किंवा टी४, कारण हेक्झेन साधारण २२५ डिग्रीला आपोआप पेट घेते

वॉटरप्रूफ म्हणजे सेफ नाही, दुकानदार तेच सांगून गळ्यात मारतात. सेल बदलायचे ते प्लांटच्या बाहेरच. फक्त वणीकडं कोळसा खाणीत जायचं असल तं हा चालत नाही, तिथं ग्रुप १ चा (खाणीतल्या गॅससाठीचा), डीजीएमएसच्या (खाण सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं) मंजुरीवाला लागते.