गजबजलेल्या ओटीतलं नेव्हिगेशन: वाचकांचे प्रश्न

ऑपरेशन थिएटरमधलं (ओटी) नेव्हिगेशन म्हणजे कॅमेरा हत्याराची जागा टिपतो आणि यंत्र ती रुग्णाच्या स्कॅनवर स्क्रीनवर दाखवतं. "नेव्हिगेशन मधेच हुकतं" ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. त्यात दोन वेगळे बिघाड मिसळलेले असतात. स्क्रीनवरचं हत्यार दिसेनासं होणं हा एक आणि ते दिसत राहून जागा चुकीची दाखवणं हा दुसरा. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात रुग्णाला इजा होते.

मणक्याच्या शस्त्रक्रियेत कॅमेरा कुठे ठेवावा? दोन्ही बाजूंना माणसं असतात. (ओटी टेक्निशियन)

पायाकडे किंवा डोक्याकडे, टेबलाच्या लांबीच्या रेषेत. बाजूला ठेवला की असिस्टंट वाकला रे वाकला, दृष्टिरेषा तुटते. पोलॅरिस जातीच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला साधारण ९५ सेंटिमीटर ते २.४ मीटरपर्यंत दिसतं. या पट्ट्याच्या मधोमध, म्हणजे दीड ते दोन मीटरवर ठेवा. उंची अशी हवी की तो माणसांच्या खांद्यांवरून खाली बघेल. सी-आर्म (फिरतं एक्स-रे यंत्र) आणि मायक्रोस्कोप आत आल्यावर कुठे उभे राहणार ते ड्रेपिंगच्या (निर्जंतुक कापडं अंथरण्याच्या) आधीच लावून पाहा आणि फरशीवर टेपने खुणा करा. रेफरन्स फ्रेमचं (हाडाला जोडलेली, कॅमेऱ्याला दिसणाऱ्या गोळ्यांची चौकट) तोंड कोणत्या दिशेला करायचं हे मात्र सर्जनला विचारूनच ठरवा.

नवीन एलईडी लाइटमुळे नेव्हिगेशन बिघडतं, असं ऐकलं. (ओटी इन्चार्ज सिस्टर)

एलईडीत इन्फ्रारेड फार कमी असतो. जास्त त्रास जुन्या हॅलोजनचा, खिडकीतल्या उन्हाचा आणि चकचकीत स्टीलच्या ट्रेचा. ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. रुग्ण आत येण्याआधी लाइट चालू-बंद करून कॅमेऱ्याच्या दृश्यात फालतू ठिपके उमटतात का ते पाहा. उमटले तर सर्व्हिस इंजिनियरला दाखवा.

परावर्तक गोळे ईटीओ (वायूने निर्जंतुक) करून पुन्हा वापरावेत का? एक विक्रेता "सेम टू सेम" गोळे निम्म्या किमतीत देतो. (बायोमेडिकल इंजिनियर)

एकदाच वापरायचे असं पाकिटावर लिहिलं असेल तर एकदाच. गोळ्यावर सूक्ष्म काचमण्यांचा लेप असतो. तो घासला गेला किंवा त्याच्या एका बाजूला रक्त लागलं की कॅमेऱ्याला अर्धवट ठिपका दिसतो आणि त्या ठिपक्याचं केंद्र सरकतं. पूर्ण झाकलेला गोळा यंत्र नाकारतं. अर्धा डागाळलेला पुष्कळदा स्वीकारतं आणि धोका तिथेच आहे. ओल्या गॉजने पुसलं तरी पातळ थर राहतो, म्हणून गोळा बदला. दोन जादा गोळे ट्रॉलीवर असू द्या. बदलताना दुसऱ्या हाताने फ्रेम घट्ट धरा, गोळा पूर्ण बसला याची खात्री करा आणि मगच हाडावरची ओळखीची खूण पॉइंटरने तपासा.

"सेम टू सेम" ही विक्रेत्याची भाषा आहे. नेव्हिगेशन बनवणाऱ्या कंपनीकडून सुसंगततेचं लेखी पत्र आणा म्हणावं.

रजिस्ट्रेशन (स्कॅन आणि रुग्ण यांची जुळणी) छान झालं, कॅमेराही सगळं पाहत होता, तरी स्क्रू हाडाबाहेर गेला. असं कसं? (स्पाइन सर्जन)

कारणं अनेक असू शकतात. पण सगळ्यात आधी मी रेफरन्स फ्रेमकडे बोट दाखवीन. कॅमेरा रुग्णाला पाहत नाही, फ्रेमला पाहतो. फ्रेम आणि हाड यांचं नातं एकदा ठरलं की यंत्र ते अढळ मानतं. फ्रेमला कोपर लागलं, ड्रेप ओढला गेला, सक्शनची नळी तिच्यावर अडकवली किंवा ठिसूळ स्पायनस प्रोसेसवर (मणक्याचा मागचा उंचवटा) क्लॅम्प सैल झाला, तर सगळा नकाशाच सरकतो. स्क्रीन मात्र पहिल्याइतकीच स्वच्छ दिसते.

फ्रेम १ अंश कलली तर १० सेंटिमीटरवर सुमारे १.७ मिलिमीटरची चूक होते. मधल्या थोरॅसिक (छातीमागच्या) मणक्यांचा पेडिकल (स्क्रू जातो तो हाडाचा अरुंद दांडा) कित्येकांत ५ मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. तिथे हे परवडत नाही. त्यात रिट्रॅक्टरचा दाब आणि श्वासाची हालचाल यांनी क्लॅम्पपासून लांबचे मणके वेगळे हलतात.

म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका. पॉइंटरचं टोक खऱ्या हाडावरच्या ओळखीच्या खुणेवर टेकवा आणि स्क्रीनवर ते तिथेच दिसतं का पाहा, बाजूला आणि खोलीतही. हे रजिस्ट्रेशननंतर, प्रत्येक पातळीवरच्या स्क्रूआधी, सी-आर्म आत-बाहेर झाल्यावर आणि कुणी "अरे, लागलं का?" म्हटलं की लगेच. कवटीच्या शस्त्रक्रियेत ड्रेपखाली नाकाचं मूळ, कान झाकले जातात. म्हणून ड्युरा (मेंदूवरचं आवरण) उघडण्याआधी क्रेनिओटॉमीच्या (कवटीत केलेल्या खिडकीच्या) कडेला हाडावर तीन-चार बारीक खळगे करून त्यांच्या जागा यंत्रात नोंदवा. फरकाची मर्यादा आधीच ठरवा. पेडिकलमध्ये २ मिलिमीटरपेक्षा जास्त मी मानत नाही. ती ओलांडली तर थांबा, पुन्हा रजिस्ट्रेशन करा. "एवढा एक स्क्रू टाकून घेऊ" हे कुणीही म्हणू नये. तुमच्या केसचं सीटी आणि यंत्राचा लॉग कंपनीच्या क्लिनिकल टीमसोबत बसून तपासा.

रजिस्ट्रेशन एरर ०.८ मिलिमीटर आला म्हणजे अचूकता ०.८ का? (निवासी डॉक्टर)

नाही. तो आकडा खुणा एकमेकींशी किती जुळल्या ते सांगतो, लक्ष्यावरची चूक नाही. दोन्हींचा परस्परसंबंध नसतो, हे संशोधक फिट्झपॅट्रिक यांनी २००९ मध्ये दाखवलं आहे.

कॅमेरा चालू केला की सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) आकडा नाचतो. (भूलतज्ज्ञ)

कॅमेऱ्याचा प्रकाश ८५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, पल्स ऑक्सिमीटरचा ६६० आणि ९४०. प्रोबचा सेन्सर तो प्रकाशही पकडू शकतो, आणि अशा नोंदी आहेत. प्रोब अपारदर्शक कापडाने किंवा फॉइलने झाका, जमल्यास कॅमेऱ्यापासून दूरच्या बोटावर लावा. पण आधी रुग्ण पाहा. आकडा खराच घसरलेला असू शकतो.

स्टँड ढकलला जाऊन कॅमेरा दरवाजावर आपटला, पण चालतोय. वापरू का? (ओटी टेक्निशियन)

नको. आतल्या दोन लेन्समधलं अंतर आणि कोन जरासा बदलला तरी मापं चुकतात आणि कॅमेरा चालतच राहतो. धक्क्याची सूचना आली असेल तर ती पुसू नका. अचूकता तपासणी किट घेऊन सर्व्हिस इंजिनियर येऊन लेखी देईपर्यंत यंत्रावर "वापरू नये" अशी चिठ्ठी लावा. तोवरच्या केसेस फ्लुरोस्कोपीवर (चालू एक्स-रेवर) करायच्या की पुढे ढकलायच्या, ते सर्जन ठरवतील.