बातम्यांच्या संकेतस्थळावर कोणती शेअर बटणे ठेवावीत आणि ती कुठे लावावीत?

आपला प्रश्न असा आहे की, जिल्ह्याच्या ठिकाणी तिघे-चौघे मिळून चालवत असलेल्या मराठी बातम्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक बातमीखाली आठ-नऊ शेअर बटणे आहेत, वाचक ती फारशी दाबत नाहीत, तर त्यांतली कोणती ठेवावीत, कुठे लावावीत आणि त्यासाठी तयार प्लगइन, म्हणजे संकेतस्थळाला बाहेरून जोडायचे तयार साधन, घ्यावे का. मी काही वर्षे एका मराठी दैनिकाच्या डिजिटल डेस्कवर काम केले आहे आणि आता लहान संकेतस्थळांना याच प्रकारची मदत करतो, त्या अनुभवावरून उत्तर देतो. माझ्या मते तीन बटणे पुरतात. बटण दाबल्यानंतर समोरच्याच्या फोनवर जे उमटते, म्हणजे शीर्षक, छायाचित्र आणि लिंक, त्यावर मात्र आजपर्यंत केली त्याच्या कितीतरी पट मेहनत घ्यावी लागेल.

बटणे दाबली जात नाहीत ही तक्रार जुनी आहे आणि सगळीकडची आहे. ब्रिटिश सरकारच्या जीओव्ही डॉट यूके या संकेतस्थळाने 2014 च्या सुरुवातीला आपल्या शेअर बटणांच्या पहिल्या दहा आठवड्यांचा हिशेब प्रसिद्ध केला होता. जितक्या वेळा पाने उघडली गेली, त्यांपैकी सुमारे 0.2 टक्के वेळाच बटणे वापरली गेली होती. सरकारी माहितीचे पान आणि गावातल्या अपघाताची बातमी यांची बरोबरी होत नाही हे खरे, परंतु कारण दोन्हीकडे एकच आहे: सराईत वाचकाकडे शेअर करण्याची स्वतःची साधने असतात. तो ब्राउझरमधला शेअरचा पर्याय वापरतो, पत्ता कॉपी करतो किंवा सरळ स्क्रीनशॉट काढतो. बटणाची खरी गरज असते ती ज्याला ब्राउझरच्या तीन ठिपक्यांमागे काय आहे हे ठाऊक नाही, पण व्हॉट्सॲपचे हिरवे चिन्ह बरोबर ओळखता येते अशा वाचकाला, आणि जिल्हा पातळीवरच्या बातम्यांचे वाचक पाहिले तर यांत निवृत्त शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, पतसंस्थेचे संचालक अशी मंडळी पुष्कळ असतात. हीच मंडळी दहा-दहा ग्रुपमध्ये असतात. बटणे त्यांच्यासाठी ठेवायची आहेत हे लक्षात घेतले की निवड सोपी होते.

पहिले बटण व्हॉट्सॲपचे, ठळक आणि बोटाला सहज सापडेल एवढे मोठे. दुसरे ‘लिंक कॉपी करा’ असे मराठीत लिहिलेले. तिसरे फोनचा स्वतःचा शेअर फलक उघडणारे: अँड्रॉइडवरील क्रोमने 2017 मध्ये आणि आयफोनवरील सफारीने 2019 मध्ये ही सोय संकेतस्थळांना खुली करून दिली, त्यामुळे फेसबुक, टेलिग्राम, एक्स, ई-मेल, एसएमएस असे वाचकाच्या फोनमध्ये जे जे ॲप आहे ते ते एकाच बटणामागे येते आणि आपल्याला प्रत्येकाचे वेगळे चिन्ह टांगत बसावे लागत नाही. ही सोय फेसबुकसारख्या ॲपच्या आत उघडणाऱ्या ब्राउझरमध्ये बऱ्याचदा चालत नाही. तिथे तिसरे बटण आपोआप लपेल अशी व्यवस्था डेव्हलपरकडून करून घ्यावी, अन्यथा वाचक दाबत राहतो आणि काहीच होत नाही. इन्स्टाग्रामचे चिन्ह मात्र या रांगेतून काढून टाकावे. बाहेरच्या पानावरून इन्स्टाग्रामला लिंक पाठवण्याची सोयच नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी ते चिन्ह संकेतस्थळाच्या स्वतःच्या खात्याकडे नेते आणि बातमी पाठवायला निघालेला माणूस आपले खाते बघत बसतो. ‘आम्हाला फॉलो करा’ची चिन्हे पानाच्या तळाशी ठेवावीत, शेअरच्या रांगेत मिसळू नयेत.

जागेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एकदा शीर्षकाखाली, एकदा बातमी संपते तिथे. पडद्याच्या तळाला चिकटून राहणारी पट्टी जाहिरातीच्या पट्टीवर चढते आणि दोन्ही नकोशा होतात. किती जणांनी शेअर केले याचे आकडे दाखवू नयेत; ट्विटरने (आताच्या एक्सने) तर 2015 मध्येच असे आकडे देणे बंद केले होते, आणि लहान संकेतस्थळावर शून्याचा आकडा आपली शोभाच करतो.

प्लगइनबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. तयार शेअर साधनांमध्ये एके काळी अत्यंत लोकप्रिय असलेले ॲडधिस हे ओरॅकल कंपनीने 2016 मध्ये विकत घेतले आणि 31 मे 2023 रोजी बंद केले. ज्यांनी त्याच्यावर भिस्त ठेवली होती त्यांच्या पानांवरून बटणे एका दिवसात नाहीशी झाली. दुसरा मुद्दा वाचकाच्या खासगीपणाचा. फेसबुकचे अधिकृत लाइक बटण पानात बसवले की वाचकाने ते दाबले नाही तरी तो त्या पानावर आल्याची नोंद फेसबुककडे जाऊ शकत असे; बाहेरच्या संकेतस्थळांसाठीचे ते बटण फेसबुकने फेब्रुवारी 2026 मध्ये बंद केले. जर्मनीतील हाइझे या प्रकाशनगृहाने 2011 मध्येच यावर उपाय म्हणून दोन वेळा दाबल्यावरच चालू होणारी बटणे आणली होती, आणि युरोपीय न्यायालयाने जुलै 2019 मध्ये फॅशन आयडी प्रकरणात असे बटण बसवणारे संकेतस्थळही त्या माहिती संकलनाला फेसबुकच्या बरोबरीने जबाबदार ठरते असा निर्णय दिला. तो निर्णय आपल्याला लागू नाही, परंतु आपल्याकडेही 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे, तेव्हा जी माहिती आपल्याला नको आहे ती दुसऱ्याला गोळा करू देण्यात शहाणपण नाही. व्हॉट्सॲपचे बटण म्हणजे शेवटी एक साधी लिंक असते, जिच्यात शीर्षक आणि बातमीचा पत्ता भरलेला असतो; तिच्यासाठी बाहेरच्या कोडची एक ओळही लागत नाही आणि पान जड होत नाही. त्या मजकुरात शीर्षक आणि पत्ता एवढेच ठेवावे. ‘ताज्या बातम्यांसाठी आमच्या ग्रुपमध्ये सामील व्हा’ आणि आणखी दोन लिंका आपोआप जोडणारी संकेतस्थळे मी पुष्कळ पाहिली आहेत. भिडस्त वाचक तो मजकूर खोडत बसतो आणि बाकीचे पाठवायचेच टाळतात.

आता मुख्य मुद्दा. लिंक पाठवल्यावर व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवर जे कार्ड उमटते, ते आपल्या पानाच्या कोडमध्ये माथ्यावर लिहिलेल्या ओपन ग्राफ टॅगांवरून, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या माहितीच्या ओळींवरून, तयार होते. फेसबुकने ही पद्धत 2010 मध्ये आणली आणि आज जवळपास सगळेच तिचा आधार घेतात. शीर्षक, सारांश, छायाचित्र आणि पत्ता हे चार टॅग प्रत्येक बातमीत बरोबर भरले जातात का, हे आधी तपासावे. जिथे ते नसतात तिथे कार्डावर संकेतस्थळाचा लोगो, नाहीतर शेजारच्या जाहिरातीतले छायाचित्र येते, आणि निधनवार्तेच्या कार्डावर सोनाराच्या दुकानाची जाहिरात झळकल्यावर होणारा संताप संपादकालाच झेलावा लागतो. छायाचित्र 1200 बाय 630 पिक्सेलचे असावे, त्याचे वजन शक्यतो 300 केबीच्या आत ठेवावे, आणि माणसाचा चेहरा मध्यभागी यावा, कारण काही ठिकाणी त्याचा चौकोनी तुकडाच दिसतो. टॅग सर्व्हरवरूनच पानात लिहिलेले हवेत. ब्राउझरमध्ये पान उघडल्यावर जावास्क्रिप्टने भरले जाणारे टॅग कार्ड बनवणाऱ्या यंत्रणेला सहसा दिसत नाहीत.

काही संकेतस्थळे शीर्षक छापलेले छायाचित्र आपोआप तयार करतात. कल्पना चांगली आहे, पण सर्व्हरवरची साधी चित्र बनवणारी साधने देवनागरीची जुळणी जाणतातच असे नाही, आणि मग ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात, ‘स्थानिक’सारखा शब्द वाचताही येत नाही. ‘मुख्यमंत्र्यांच्या’ हा शब्द नीट उमटतो का, एवढी एक चाचणी घेतली तरी साधन कामाचे आहे की नाही ते कळते.

शीर्षक दुरुस्त केल्यावर जुने कार्ड मागे राहते, हा आणखी एक त्रास आहे. मृतांचा आकडा बदलतो, नाव चुकलेले असते, आपण पानावर दुरुस्ती करतो, पण फेसबुकने साठवून ठेवलेले कार्ड तसेच असते. फेसबुकच्या शेअरिंग डीबगर या पानावर पत्ता टाकून ते पुन्हा वाचायला लावता येते, आणि डेस्कवरच्या माणसाने दुरुस्तीनंतर हे करायचे असा नियमच करावा. व्हॉट्सॲपमध्ये कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनवरच तयार होऊन मेसेजबरोबर जाते, म्हणून एकदा ग्रुपवर गेलेले चुकीचे शीर्षक परत घेता येत नाही. त्यासाठी पत्रकारितेतला जुनाच उपाय आहे: खात्री होईपर्यंत आकडा शीर्षकात घालू नये.

लिंकच्या पत्त्याकडे मराठी संकेतस्थळे फारच दुर्लक्ष करतात. संकेतस्थळ चालवण्याची वर्डप्रेस ही प्रणाली नेहमीच्या मांडणीत शीर्षकावरूनच पत्ता तयार करते आणि शीर्षक देवनागरीत असेल तर पत्ताही देवनागरीत होतो. तो कॉपी केल्यावर प्रत्येक अक्षरचिन्हाची तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हे होतात, म्हणजे म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे असलेला ‘मराठी’ हा शब्द 45 चिन्हांचा होतो. ग्रुपवर मग अर्धा पडदा भरून अगम्य अक्षरे येतात आणि सावध वाचक ती फसवणुकीची लिंक समजून सोडून देतो. शिवाय वर्डप्रेस हा भाग 200 चिन्हांवर तोडते, तेव्हा देवनागरी शीर्षकाची जेमतेम बावीस अक्षरचिन्हे त्यात मावतात आणि पत्ता शब्दाच्या मध्येच तुटतो. रोमन अक्षरांतले तीन-चार शब्द आणि बातमीचा क्रमांक असा पत्ता ठेवावा. हे बदलताना जुन्या पत्त्यांवर आलेला वाचक नव्या पत्त्यावर कायमस्वरूपी वळेल अशी सोय आधी करावी, नाहीतर इतकी वर्षे ग्रुपांतून फिरलेल्या सगळ्या लिंका मृत होतील.

शेअर झालेल्या बातमीचे बहुतेक वाचक फक्त कार्डच वाचतात. कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सची इन्रिया ही संस्था यांच्या संशोधकांनी 2016 मध्ये ट्विटरवरील बातम्यांच्या लिंकांचा अभ्यास केला, तेव्हा शेअर झालेल्या लिंकांपैकी 59 टक्के कोणीही उघडलेल्या नव्हत्या. म्हणून शीर्षक एकटे, तारखेशिवाय, भलत्या ग्रुपवर वाचले गेले तरी खरे राहील असे लिहावे लागते. ‘उद्या शाळांना सुट्टी’ हे शीर्षक पावसाळ्यात कोणत्याही वर्षी उगवते आणि जिल्हाधिकाऱ्यांना खुलासा करावा लागतो. त्याऐवजी तारीख, जिल्हा आणि वर्ष शीर्षकातच घालावे. ब्रिटनमधील गार्डियनने 2019 मध्ये जुन्या बातम्यांच्या शेअर छायाचित्रावरच प्रसिद्धीचे वर्ष छापायला सुरुवात केली, आणि आपल्यालाही ते फारशा खर्चाशिवाय करता येईल.

अफवेच्या बातमीत तर याहून अधिक काळजी हवी. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले, आणि त्या संशयामागे व्हॉट्सॲपवरून फिरणारे मेसेज होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली, आणि एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. अशा अफवेचे खंडन करणारी बातमी देताना ‘मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात? पोलीस म्हणतात…’ असे उत्सुकता ताणणारे शीर्षक कार्डावर गेले, तर ते खंडन न राहता अफवेचाच प्रसार करते. ‘अफवा’ हा शब्द शीर्षकाच्या सुरुवातीला हवा आणि छायाचित्रावरही हवा.

बदल केल्यावर परिणाम मोजताना बटणांच्या आकड्यांवर विसंबू नये. बटणातून जाणाऱ्या लिंकला स्रोत सांगणारी खूण जोडावी, मात्र ओपन ग्राफमधला पत्ता खुणेविनाच ठेवावा, म्हणजे एकाच बातमीची दोन कार्डे होत नाहीत. कॉपी केलेल्या आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या बहुतेक भेटी ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वाचकांच्या भेटी मोजणाऱ्या साधनात, ‘डायरेक्ट’ या रकान्यात जमा होतात. आपले मुखपृष्ठ कोणी हाताने टाइप करून उघडेल, पण एखाद्या बातमीचा पूर्ण पत्ता कोणी टाइप करत नाही; तेव्हा त्या रकान्यातून मुखपृष्ठ वगळावे आणि आतल्या बातम्यांवर थेट आलेले वाचक तेवढे वेगळे काढावेत. त्यांतले बहुतेक कोणीतरी कुठल्यातरी ग्रुपवर पाठवलेल्या लिंकवरून आलेले असतात, आणि कार्ड व पत्ता सुधारल्याचा फरक दिसायचा असेल तर तो याच आकड्यात दिसेल.